स्थौल्य-शस्त्रकर्मानंतरचे पहिले तीन महिने : ग्रामीण वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

मेदोरोगावरील शस्त्रकर्म हा विषय एके काळी महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरता मर्यादित होता. आज ती स्थिती राहिलेली नाही. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष श्री. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांतही तिची चर्चा होऊ लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री श्री. अरुण जेटली यांनी मधुमेहाच्या नियंत्रणासाठी दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया करविली. परंतु नंतरच्या उपद्रवांमुळे त्याच महिन्यात त्यांना दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दाखल व्हावे लागले. एकच शस्त्रकर्म एकास सुखकर ठरते व दुसऱ्यास पुन्हा रुग्णालयात नेते. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंमधील काळ हा आहे.

हा काळ रुग्ण कोठे घालवितो, याचा विचार आपण वैद्यांनी करावयास हवा. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिक, सुरत किंवा इंदूर येथे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णास घरी पाठविले जाते आणि विश्रांतीसाठी तो गावी येतो. मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीरचेच उदाहरण घेऊ. येथून धुळे सुमारे २० किलोमीटर, तर मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. रात्री उलटी झाली, पोटात दुखू लागले, चक्कर आली, तर नातेवाईक मुंबईच्या शल्यचिकित्सकाकडे धावत नाहीत. ते गल्लीतील वैद्याकडे किंवा चौकातील औषधाच्या दुकानात येतात. आपण ही शस्त्रक्रिया करीत नाही, म्हणून तिचे उपद्रव आपल्या दारी येणार नाहीत, असे समजणे योग्य नव्हे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा, अतितृष्णा इत्यादींचा त्यांत समावेश होतो. कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा कठीण, हेही त्यांनीच स्पष्ट केले आहे. स्थूलाचा अग्नी तीक्ष्ण असतो व भूक अनावर असते. म्हणूनच गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार हे त्याच्या चिकित्सेचे सूत्र होय. आधुनिक शस्त्रकर्माचाही मुख्य परिणाम भुकेवरच होतो, ही बाब लक्षणीय आहे. आमाशयाच्या ऊर्ध्व भागात स्रवणारे घ्रेलिन नावाचे क्षुधाजनक द्रव्य, तो भाग काढून टाकल्यावर पुष्कळ कमी होते.

दुसरी गोष्ट अधिकाराची. गुल्माची चिकित्सा सांगताना चरकाचार्य पक्व गुल्माशी येऊन थांबतात आणि तेथील अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या शस्त्रवैद्यांचा आहे, असे निःसंकोचपणे सांगतात. सुश्रुताचार्यांनी परिस्रावी उदराचे, म्हणजे आंत्र भिन्न होऊन उदरात स्राव साठण्याचे, वर्णन केले आहे व त्याची चिकित्सा शस्त्रानेच सांगितली आहे. आंत्राच्या छिन्न कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने सांधण्याची त्यांची पद्धती आपणांस परिचित आहेच. आज ज्यास शिवणीतील गळती म्हणतात, ती तत्त्वतः याच जातीची व्याधी होय. ती चूर्णाने किंवा काढ्याने बरी होईल, असे आपल्या आचार्यांनी कधीही म्हटलेले नाही.

कोणते शस्त्रकर्म झाले आहे?

रुग्ण समोर आला की प्रथम त्याचे डिस्चार्ज कार्ड मागावे. मुख्य प्रकार दोन आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये आमाशयाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो व उरलेल्या भागाची एक अरुंद नळी राहते. तिच्या एका बाजूस वरपासून खालपर्यंत स्टेपलची लांब शिवण असते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये आमाशयाचा सुमारे ३० मिलिलीटरचा छोटा कप्पा करून त्यास लघ्वांत्र जोडले जाते. अन्न उरलेल्या आमाशयास व लघ्वांत्राच्या आरंभीच्या भागास वगळून पुढे जाते. मिनी बायपास हा याचाच एक प्रकार आहे. स्लीव्हमध्ये मुख्य चिंता शिवणीची व अरुंदपणाची. बायपासमध्ये त्याबरोबरच सांध्यावरील व्रण, गोड खाल्ल्यावर येणारा त्रास आणि पोषकांश शोषले न जाणे, यांचीही भर पडते.

आशुकारी उपद्रव

अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण अल्प, म्हणजे हजारात एक-दोन इतकेच असते. परंतु हा अल्प धोकाही प्रामुख्याने पहिल्या महिन्यातच एकवटलेला असतो. त्यातील तीन उपद्रव प्रत्येक वैद्यास मुखोद्गत असावेत.

१) शिवणीतून गळती : शंभरात एक-दोन रुग्णांत ती होते. स्लीव्हनंतर ती पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, प्रकट होते. ज्वर, उदरशूल, डाव्या खांद्यात वेदना, श्वास लागणे, कारण नसता अस्वस्थता व भीती ही लक्षणे होत. स्थूल रुग्णाचे पोट हातास कठीण लागेलच असे नाही. उदरपरीक्षण निर्दोष वाटूनही आत स्राव चालू असू शकतो. येथे सर्वांत विश्वसनीय साक्षीदार नाडी आहे.

नाडीपरीक्षा हे आपले परंपरागत सामर्थ्य. या रुग्णात मात्र दोषगतीबरोबर घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोजावेत. रुग्ण शांत पडून असताना गती १२० च्या वर टिकून राहिली, तर दुसरे कोणतेही लक्षण नसले तरी गळती किंवा फुप्फुसातील गुठळी आहे असे गृहीत धरून त्यास तत्काळ पाठवावे. गती १०० ते १२० च्या दरम्यान असल्यास शस्त्रक्रिया केलेल्या केंद्राशी त्याच वेळी दूरध्वनीवर बोलावे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्या रुग्णात गळती असूनही नाडी मंद राहते, हे विसरू नये.

२) रक्तस्राव : बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. रक्ताची वांती, डांबरासारखा काळा मल, घाम, भोवळ ही लक्षणे आढळतात. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो; परंतु त्यासोबत नाडी वाढलेली व रुग्ण निस्तेज असल्यास शंकेस जागा नाही.

३) रक्ताची गुठळी : एका पोटरीस सूज व वेदना, किंवा अकस्मात श्वास लागून छातीत दुखणे. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात जाणे हे या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. सुजलेल्या पोटरीस अभ्यंग किंवा मर्दन कदापि करू नये. मुंबईहून सोनगीरपर्यंतच्या प्रवासात दर तासाला गाडी थांबवून रुग्णास चालविणे आवश्यक आहे. घरी टोचावयास दिलेली रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू देऊ नयेत.

समजा, स्लीव्ह होऊन नऊ दिवस झालेली एक माहेरवाशीण दुकानाच्या पायरीवर बसली आहे. तिचे वडील म्हणतात, "गॅस झाला आहे, खांद्यात भरून आले आहे, काहीतरी पाचक द्या." गॅसने खांदा दुखतो हे खरे; दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले दोन-तीन दिवस तसे होतेही. पण ते नवव्या दिवशी नव्याने सुरू होत नाही. हिंग्वाष्टक किंवा शंखवटी देऊन तिला रात्रभर घरी ठेवणे म्हणजे उपचाराचा मोलाचा काळ दवडणे होय. तिला काहीही खाऊ-पिऊ न घालता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने धुळ्यास, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सीटी स्कॅन व शल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या अन्य रुग्णालयात पाठविणे हीच तिची चिकित्सा. सोबत शस्त्रक्रियेचे नाव, दिनांक, नाडी, ताप व दिलेली औषधे लिहिलेली चिठ्ठी अवश्य द्यावी.

छर्दी : साधी वाटणारी, पण साधी नसणारी

पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे वारंवार आढळणारे कारण म्हणजे उलट्या आणि शरीरातील जलांश कमी होणे. बहुतेक वेळा कारण साधे असते. घास मोठा, खाणे घाईचे, किंवा जेवताना पाणी. घास बारीक चावणे, दोन घासांत विश्रांती घेणे आणि जेवणाच्या आधी व नंतर अर्धा तास पाणी न पिणे, एवढ्याने तो त्रास थांबतो. दिवसभरात दीड ते दोन लीटर द्रव पोटात जावयास हवा. एका वेळी मात्र घोट-घोट, पाव तासाला सुमारे ३० मिलिलीटर. मूत्र गडद व अल्प होणे, उठताना भोवळ येणे ही जलांश घटल्याची चिन्हे होत. एप्रिल-मे महिन्यांतील खानदेशच्या उन्हात ती किती त्वरेने प्रकट होतात, हे सांगावयास नको.

मात्र द्रवही टिकत नसेल, किंवा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास घन पदार्थ अडकू लागले असतील, तर मार्ग आकुंचित झाल्याचा संभव असतो. त्याचे निदान व निवारण दुर्बिणीनेच होते. अशा छर्दीस अम्लपित्त समजून आठवडेच्या आठवडे सूतशेखर व कामदुधा देत राहणे धोक्याचे आहे. कारण यातून एक दारुण उपद्रव उद्भवतो.

शरीरात जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, यांचा साठा केवळ दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. उलट्या व अत्यल्प आहार यांमुळे तो संपला की मेंदूवर परिणाम होतो. डोळे विचित्र हलणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बुद्धिभ्रम, पायांत मुंग्या व बलहानी अशी त्याची लक्षणे आहेत. तिन्ही प्रमुख लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. बहुसंख्य रुग्णांत ती एकत्र दिसतच नाहीत. वेळीच थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर रुग्ण सुधारतो. विलंब झाल्यास स्मृतिनाश कायमचा राहतो.

अशक्त रुग्णास ग्लुकोजची बाटली लावण्याची आपल्याकडील सर्वत्र रूढ पद्धत येथे घातक ठरू शकते. ग्लुकोजच्या पचनासाठी थायमिन खर्ची पडते आणि उरलासुरला साठाही संपतो. म्हणून अशा रुग्णास थायमिन दिल्यावाचून ग्लुकोज दिले जाऊ नये, हा नियम दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीतही तसा स्पष्ट उल्लेख करावा.

संसर्जनक्रम आणि त्याची मर्यादा

शोधनानंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस असा क्रम, प्रधान शुद्धीत प्रत्येकी तीन अन्नकाल, याप्रमाणे सात दिवसांत रुग्णास प्रकृतिभोजनावर आणणारा संसर्जनक्रम आपण सारे योजतो. शस्त्रकर्मानंतरचा आहारही याच तत्त्वाने वाढविला जातो. पहिले एक-दोन दिवस केवळ निवळ द्रव. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत दूध, ताक, गाळलेले कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले मऊ अन्न. पाचव्या-सहाव्यात मऊ पण घन. त्यानंतर नित्याचे अन्न अल्प प्रमाणात. केंद्रागणिक दिवसांत थोडा फरक असतो. रुग्णास दिलेला तक्ताच प्रमाण मानावा.

तत्त्व समान असले तरी दोन भेद ध्यानात घ्यावेत. पहिला भेद कालाचा. येथे केवळ अग्नी मंद नसून आमाशयावर ताजा व्रण आहे. म्हणून सात दिवसांचा क्रम सहा आठवड्यांचा होतो. दुसरा भेद द्रव्याचा. तांदळाची पेया अग्निदीपन करील, पण या रुग्णास दररोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ३० ग्रॅम तांदळात ती सुमारे २ ग्रॅम, तर तेवढ्याच मुगाच्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम असतात. तेव्हा केवळ पेयेवर ठेवलेला रुग्ण मेद नव्हे तर मांसधातू गमावतो. मुद्गयूष, साय काढलेले दूध, ताक, पुढे मऊ पनीर, मांसाहारी रुग्णास अंड्याचा पांढरा भाग, तसेच केंद्राने सांगितलेली प्रथिनांची पूड, यांचा आग्रह धरावा.

खानदेशी स्वयंपाकाचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. भरताच्या वांग्यातील बिया व साल, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि शेवभाजीची तेलाची तर्री पहिले दोन-तीन महिने वर्ज्य. कळण्याची भाकरी घशाखाली उतरण्यास सहाव्या आठवड्यानंतरही काळ लागतो. ती वरणात कुस्करून द्यावी. आखाजीला आमरस व खापराची पुरणपोळी न खाणारा खानदेशी विरळा. परंतु बायपास झालेल्या रुग्णास गोड पदार्थाने अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा व अतिसार होतो आणि एक ते तीन तासांनी रक्तशर्करा एकदम खाली जाऊ शकते. त्यास 'आग्रह' करणे हे प्रेम नव्हे, हे घरच्यांना आपणच समजावू शकतो.

तांब्या-पितळेच्या गावात

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यात आहे. म्हणून ताम्राविषयी दोन शब्द. ताक, लिंबाचे सरबत यांसारखे आम्ल पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवल्यास ताम्राचे क्षार उतरून मळमळ व वांती होते. द्रव आहारावरील रुग्णाचे ताक स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवावे. तसेच लेखन गुणासाठी ताम्रभस्माचा कल्प या रुग्णात योजू नये. वांती व भ्रांती हे ताम्राचे शास्त्रोक्त दोष येथे विशेष भयावह आहेत.

उलट पक्षी, बायपासनंतर कालांतराने ताम्राची न्यूनताही संभवते आणि ती पायांतील बधिरता व पांडुत्व या रूपांनी, ब-१२ च्या अभावासारखी प्रकटते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. वजन वेगाने उतरल्याचा तो बहुधा तात्पुरता परिणाम असतो. त्यासाठी रुग्ण दुकानातून मनाने जस्ताच्या गोळ्या घेतो, आणि अतिरिक्त जस्तामुळे ताम्राचे शोषण घटते. ताम्रपात्रातील पाण्याने ही उणीव भरून निघेल असे मानू नये. त्यात किती मात्रा उतरते, हे निश्चित नसते. केस गळतात तेव्हा प्रथिने व लोह तपासावे; जस्त शल्यचिकित्सकाच्या मात्रेतच द्यावे.

औषधयोजनेतील विवेक

पहिल्या तीन महिन्यांत पुढील बाबी कटाक्षाने टाळाव्यात.

१) वमन, विरेचन व बस्ती. मलावष्टंभ झाला तरी तीव्र रेचक नको.
२) इसबगोल व कोरडी चूर्णे. अरुंद मार्गात फुगून किंवा चिकटून ती अडथळा करतात.
३) मोठ्या गुटी व वटी अखंड गिळणे.
४) आसव-अरिष्टे. त्यांतील मद्यांश या रुग्णात त्वरेने रक्तात भिनतो व गूळ-साखरेचा त्रास वेगळाच. च्यवनप्राशादी अवलेहांसही साखरेची हीच हरकत लागू आहे.
५) क्षार, भल्लातक व अन्य तीक्ष्ण कल्प.
६) वजन अधिक वेगाने उतरावे म्हणून गुग्गुळकल्प किंवा मेदोहर औषधे. अपतर्पण आधीच तीव्र आहे. त्यात भर म्हणजे धातुक्षय.

औषधविक्रेत्या बंधूंकडे विशेष विनंती आहे. गुडघेदुखी किंवा डोकेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या या रुग्णास देऊ नयेत. बायपासच्या सांध्यावर त्यामुळे व्रण होऊन तो फुटू शकतो. पॅरासिटॅमॉल चालते. तंबाखू, मिश्री व धूम्रपान हेही त्या व्रणाचे हेतू होत. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये; दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या 'शक्तीच्या' नसून आजन्म घ्यावयाच्या आहेत, हे प्रत्येक खेपेस सांगावे. महिन्याची गोळी न्यावयास रुग्ण आला नाही, हे सर्वांत आधी दुकानदारासच कळते.

मधुमेह व रक्तदाब यांची पूर्वीची औषधे जुन्या मात्रेत चालू ठेवणे हेही एक संकट आहे. शस्त्रकर्मानंतर काही दिवसांतच रक्तशर्करा उतरते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत घेतल्यास रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. मूत्रल औषधांनी जलांश अधिकच घटतो. डॅपाग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्यांमुळे अल्पाहारी रुग्णात रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊन वांती, उदरशूल व श्वास यांचा उद्भव होतो. म्हणून जुनी चिठ्ठी पाहून औषध न देता नवीन डिस्चार्ज कार्ड पाहावे. प्रमेहघ्न कल्पाची भर घालावयाची असल्यास ती शर्करा मोजूनच.

आपले स्थान

इतके निषेध वाचून वैद्यबंधूंस वाटेल, मग आपण करावे तरी काय? आपल्या वाट्याचे कार्य मोठे आहे. शल्यचिकित्सक रुग्णास महिन्यातून एकदा, फार तर दोनदा पाहतो. आपण त्यास रोज पाहू शकतो. पहिला महिना दररोज नाडी, ताप, मूत्राचे प्रमाण व घेतलेला द्रव यांची नोंद एका वहीत करावी. मुद्गयूष कसे करावे, किती पातळ, किती वेळा, हे घरच्या गृहिणीस प्रत्यक्ष दाखवावे. जेवणाचे सुख एकाएकी हिरावल्याने रुग्ण खिन्न होतो, कधी पश्चात्तापही करतो. त्यास धीर देणे ही सत्त्वावजय चिकित्साच आहे. तरुण स्त्रियांत वजन उतरताच गर्भधारणेची शक्यता वाढते. ती १२ ते १८ महिने टाळावी, हे विश्वासाने सांगणारा कुटुंबाचा वैद्यच असतो. आणि तीन महिन्यांनंतर, व्रण रूढ झाल्यावर, दिनचर्या, व्यायाम व आहारविधी यांच्या बळावर उतरलेले वजन पुन्हा चढू न देणे हे तर सर्वस्वी आपलेच क्षेत्र होय.

चिकित्सेचा अधिकार ज्याचा त्याने चालवावा, ही चरकाचार्यांची शिकवण आहे. परंतु रुग्ण वेळेत त्या अधिकाऱ्याच्या हाती पोहोचविणे, हा अधिकार व हे दायित्व पहिल्याने नाडी पाहणाऱ्याचे असते. इत्यलम्।